समुद्रात खेळणारा कुत्रा टबला का घाबरतो

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. तुमचा ब्रूनो चार वर्षांचा, ३६ किलोचा लॅब्रेडॉर. गुहागरला नेलं की तो लाटांमधून बाहेर यायला तयार नसतो, आणि घरी मात्र गिझरचं बटण दाबल्याचा आवाज आला तरी डायनिंग टेबलाखाली जाऊन बसतो. दीड वर्षापूर्वी तुम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलात, तिथे बाथटब आहे. पहिल्या दोन आंघोळी बऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी टबातून बाहेर उडी मारताना तो घसरून आपटला, आणि तेव्हापासून दोघांनी मिळून त्याला उचलून आत ठेवावं लागतं. मागच्या महिन्यात त्याची नखं तुमच्या यजमानांच्या दंडात रुतली आणि तो आयुष्यात पहिल्यांदा घरच्या माणसावर गुरगुरला. तुम्ही विचारलंय की एवढ्या मोठ्या कुत्र्याला टबात न्यायची युक्ती कोणती, आणि आधी झोपेची गोळी दिली तर चालेल का.

मी सतरा वर्षं पुण्यात कुत्र्यांच्या आंघोळीचं आणि केस कापायचं काम करते, त्याआधी तीन वर्षं एका पशुवैद्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते. त्या अनुभवावरून सांगते.

गुहागर आणि टब शेजारी शेजारी ठेवून बघा. किनाऱ्यावर पायाखाली वाळू असते, पंजे रुततात. पाणी आधी पावलांना लागतं, मग गुडघ्यांना, मग पोटाला, आणि किती आत जायचं ते ब्रूनो स्वतः ठरवतो. मोठी लाट आली तर मागे पळायला अख्खा किनारा मोकळा असतो. टबात त्याला दीड-पावणेदोन फुटांच्या भिंतीवरून आत टाकलं जातं, खाली गुळगुळीत, उतरता तळ, त्यावर साबणाचं पाणी, आणि दार बंद. त्याला पाण्याची भीती नाहीच. पाय सुटेल आणि बाहेर पडायला वाट नसेल, ही त्याची भीती आहे. म्हणून ‘आत कसं न्यायचं’ यापेक्षा ‘आत गेल्यावर त्याच्या पायांचं काय होतं’ याच्यापासून सुरुवात करू.

कुत्रा माती-गवतावर नखं आणि पंजाच्या गाद्या या दोन्हींच्या जोरावर उभा राहतो. ओल्या टाइलवर किंवा टबात नखं काही पकडत नाहीत, उलट लांब नखांमुळे गाद्या जमिनीला नीट टेकतच नाहीत. त्यात कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांना येतो. घाबरलेला कुत्रा कोरड्या फरशीवरून चालत गेला की मागे ओले ठसे उमटतात, ते एकदा बघून ठेवा. म्हणजे पाणी सुरू व्हायच्या आधीच पाय ओलसर झालेले असतात. त्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. पुढचे पाय सरकले की तो मागचे पाय फाकवून सावरू बघतो, आणि मोठ्या जातींत नेमकी मागची खुब्याचीच जागा नाजूक असते. एक-दोनदा असं झालं की त्या खोलीशी संबंधित प्रत्येक गोष्ट धोक्याची खूण होते: गिझरचं बटण, टॉवेलचा कपाटातून निघणारा ढीग, बाथरूमच्या दाराची कडी. आवाजाचंही तसंच. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत. छतापर्यंत टाइल लावलेल्या छोट्या खोलीत शॉवरचा फवारा त्याला कसा ऐकू येत असेल, याची आपल्याला कल्पनाही करता येत नाही.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. काम सुरू केलं त्या पहिल्या दोन वर्षांत माझ्याकडे एक जर्मन शेफर्ड यायचा. पहिल्यांदा त्याने खूप झटापट केली. आम्ही दोघांनी त्याला घट्ट धरून आंघोळ पुरी केली. तिसऱ्या खेपेपासून तो पुतळ्यासारखा उभा राहू लागला आणि मी मालकांना आनंदाने सांगितलं की सवय झाली बरं का. चौथ्या खेपेला त्याने माझ्या फाटकाशीच लघवी केली आणि गाडीतून उतरेना. तो शांत झाला नव्हता, त्याने हात टेकले होते. १९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर विजेच्या धक्क्यांचे प्रयोग केले. क्रूर प्रयोग होते. ज्या कुत्र्यांना आधी धक्के टाळायचा कुठलाच मार्ग नव्हता, त्यांच्यातली बरीच पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागेवरच पडून राहिली. मी हे वाचलं तेव्हा तो शेफर्ड डोळ्यांसमोर आला. म्हणून ब्रूनो टबात गप्प उभा राहिला तरी त्याच्याकडे नीट बघा. तोंड मिटलेलं, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, सारखी जीभ नाकावर फिरतेय, झोप आलेली नसताना जांभया येताहेत, चिकन नाकाशी धरलं तरी घेत नाही, अशी लक्षणं असतील तर तो सहन करतोय, शिकत काहीच नाही.

पुढचं सांगण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हाला तपासाव्या लागतील. घसरल्यानंतर पशुवैद्यांना दाखवलंत का? लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. ब्रूनो जिना चढताना थांबतो का, बसताना एक पाय बाजूला टाकतो का, धावताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम उचलतो का, बघा. दुखत असेल तर दोघांनी पोटाखाली हात घालून उचलणं म्हणजे दर महिन्याला दुखरी जागा दाबणं, आणि मग गुरगुरणं अगदी रास्त आहे. कानात बुरशी झाली असेल, अंगावर जखम असेल तरी तेच. दुखणं असेल तर आधी त्यावर उपचार, बाकीचं सगळं नंतर. आणि गुरगुरल्याबद्दल त्याला कुणी रागावलं असेल तर कृपा करून पुन्हा तसं करू नका. ती त्याने दिलेली सूचना आहे. सूचना दिल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. असे दोन कुत्रे माझ्याकडे आले आहेत आणि दोन्ही घरांत माणसं चांगली होती.

मग पहिलं पाऊल कोणतं? टब बंद. किमान सहा आठवडे त्याला तिथे आंघोळीसाठी न्यायचं नाही. हे ऐकून लोक माझ्याकडे बघत राहतात, वास येईल म्हणतात. निरोगी लॅब्रेडॉरला महिन्या-दीड महिन्यातून एक आंघोळ पुष्कळ झाली. दर रविवारी साबण लावल्याने कातडीचं तेल जातं, खाज सुटते आणि वास उलट वाढतो. आपल्याकडची देशी किंवा कारवानी कुत्री तर त्याहूनही कमी आंघोळीत स्वच्छ राहतात. मधल्या काळात रोज पाच मिनिटं रबरी ब्रश फिरवा, फिरून आल्यावर पाय आणि पोट ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या पंचाने. कातडीच्या आजारासाठी डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर मात्र तो मनाने थांबवू नका. त्यांना अडचण सांगा, पुसून किंवा फवारून लावायचा पर्याय असतो का ते विचारा.

सहा आठवड्यांत आंघोळ घालावीच लागली, चिखलात लोळून आला वगैरे, तर गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत घाला, बाथरूममध्ये नाही. एक काळजी घ्या. मार्च ते मे गच्चीवरच्या नळीत साठलेलं पाणी चटका बसण्याइतकं तापलेलं असतं. ते आधी वाहू द्या, आपल्या मनगटावर बघा, मगच कुत्र्याच्या अंगावर. फरशीवर स्वतःचं अनवाणी पाऊल टेकवून बघा, आपल्याला उभं राहवत नसेल तर त्यालाही राहवत नाही. सकाळी लवकर उरका. खाली ओलं गोणपाट दुहेरी अंथरलं तर पकड छान मिळते.

आता टबाशी पुन्हा मैत्री. यामागचा विचार फार जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवल्याची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा आवडीचं खात असायचा तेव्हा पिंजऱ्यातला ससा खोलीत लांबवर ठेवायचा, आणि त्याचं खाणं थांबणार नाही इतकाच हळूहळू जवळ आणायचा. ब्रूनोसाठी ‘खाणं थांबणार नाही’ हेच माप धरा. खाणं थांबलं, की तुम्ही घाई केलीत. एक पायरी मागे या.

बाथरूमच्या दारापासून टबापर्यंत आणि टबाच्या तळाला रबरी मॅट टाका. खाली चोषकं असलेली घ्या, नाहीतर जुनी योगा मॅट कापून घाला, पण टबाचा पूर्ण तळ झाकला गेला पाहिजे. अर्ध्या तळावर मॅट असली तर कुत्रा नेमका उरलेल्या अर्ध्यावर पाय टाकतो. मग पहिला आठवडा फक्त एवढंच करा: दार उघडं, नळ बंद, टब कोरडा, आणि दिवसातून दोनदा त्याच्या जेवणाचं भांडं दारापासून जिथे तो सहज खाईल तिथे. कदाचित ते हॉलमध्येच असेल. असू दे. दोन दिवसांनी हातभर आत सरकवा. तुम्ही मागून ढकलायचं नाही, पट्टा ओढायचा नाही, ‘जा ना जा ना’ म्हणायचं नाही. तो मध्येच निघून गेला तर जाऊ द्यायचं. तो परत येऊ शकतो, कारण त्याला जाता आलं होतं.

इथे बहुतेक घरांत एक चूक होते, आणि ती इतकी साहजिक आहे की मी कुणाला दोष देत नाही. चिकनचा तुकडा दाखवून आत बोलावतात आणि तो आत आला की दार लावून नळ सोडतात. एकदा जमतं. दुसऱ्यांदा चिकन दिसलं की कुत्रा पळतो. भीती कमी व्हायची ती राहिली बाजूला, चिकनही बिघडलं. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा. आधी ती भीतीची गोष्ट, अगदी थोडी, आणि तिच्या पाठोपाठ खाऊ. गिझरचं बटण दाबा, लगेच चिकन द्या, बटण बंद करा, आणि आंघोळ मात्र घालायचीच नाही. टॉवेल कपाटातून काढा, चिकन, टॉवेल परत आत. शॉवर दोन सेकंद, त्याला हॉलमध्ये ऐकू येईल इतका, चिकन, शॉवर बंद. दिवसातून पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या वेळी. दोन-तीन आठवड्यांनी गिझरचं बटण वाजलं की तो टेबलाखाली जायच्या ऐवजी तुमच्या हाताकडे बघू लागेल. माझ्या कामातला हा क्षण मला सगळ्यात जास्त आवडतो.

टबात चढण्याचा भाग वेगळा शिकवायचा. टबाशेजारी न हलणारी, रबर लावलेली पायरी ठेवा, आतही एक, म्हणजे उडी मारावी लागणार नाही. दोन पाय आत, खाऊ, बाहेर. चार पाय आत, खाऊ, बाहेर. आत उभा राहून तीन-चार मिनिटं निवांत चाटत बसला पाहिजे. त्यासाठी घट्ट दही किंवा मऊ पनीर रबरी चटईवर थापून टबाच्या भिंतीला चिकटवा. पीनट बटर वापरत असाल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नसलेलंच, झायलिटॉल कुत्र्याला विषासारखं आहे. हे कोरड्या टबात जमल्यावर मगभर कोमट पाणी त्याच्या पायाशी, अंगावर नाही. मग एका पायावर. ब्रूनो चिडत नसेल तरी या काळात त्याला तोंडाच्या जाळीची सवय लावून ठेवा, त्याच पद्धतीने, जाळीतून खाऊ देत. पिंजऱ्यासारखी, तोंड उघडून धापा टाकता येईल अशी घ्या. आणि गळ्याचा पट्टा नळाला बांधून ठेवायचा प्रकार कधीही करू नका, घसरला तर फास बसतो. छातीचा हार्नेस, आणि दोरी माणसाच्या हातात सैल.

आतापर्यंतचं एवढंच: दुखणं तपासा, टब बंद ठेवा, पायाखाली पकड द्या, दार उघडं ठेवा, आणि खाऊ भीतीच्या पाठोपाठ द्या. याला किती दिवस लागतील? माझ्याकडच्या कुत्र्यांना तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत लागले आहेत. एका सेंट बर्नार्डचं टबाशी कधीच जमलं नाही, तो आयुष्यभर बाल्कनीत रबरी मॅटवर उभा राहून मजेत आंघोळ करत असे. तुम्हालाही तीन महिन्यांनी तसंच वाटलं तर टबाचा नाद सोडा. टब तुमच्या घराची सोय आहे, ब्रूनोची गरज नाही.

प्रत्यक्ष आंघोळीच्या दिवशी आधी फिरवून आणा, आणि सुटलेले केस ब्रशने काढून घ्या. लॅब्रेडॉरच्या वरच्या केसांखाली दाट मऊ थर असतो, तो ओला व्हायलाही वेळ लागतो आणि वाळायलाही. पाणी आपल्या आंघोळीपेक्षा कोमट, ३६-३७ अंश सेल्सिअस. त्याचं स्वतःचं तापमान साधारण ३८ ते ३९ असतं, त्यामुळे आपल्याला छान वाटणारं कढत पाणी त्याला झोंबतं. हातातला शॉवर असेल तर तोंड त्याच्या अंगाला टेकवून धरा, आवाज निम्म्याहून कमी होतो. पाण्याचा क्रम पायांपासून वर, मग पाठ, छाती, आणि मान सगळ्यात शेवटी. डोक्यावर पाणी ओतायचं नाहीच, चेहरा ओल्या फडक्याने पुसा. कान खाली धरून ठेवा, पाणी आत गेलं की लॅब्रेडॉरच्या लोंबत्या कानात बुरशी ठेवलेलीच. शाम्पू कुत्र्यांचाच, पाण्यात पातळ करून. त्यांच्या कातडीचं आम्ल-अल्कलीचं प्रमाण आपल्यापेक्षा वेगळं असतं आणि कातडी पातळ असते, म्हणून आपला साबण नको, डेटॉल नको, फिनाईल तर अजिबात नको. गोचिडांसाठी लोक कडुनिंबाचा पाला घालतात, पण गोचीड जायला डॉक्टरांचं औषधच लागतं. मानेवर टाकायचं औषध असेल तर बहुतेकांच्या आगेमागे दोन दिवस आंघोळ टाळायची असते, पाकिटावर ते छापलेलं असतं. साबण लावायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवा.

वाळवणं तुमच्या पुण्याच्या पावसाळ्यात आंघोळीइतकंच महत्त्वाचं. टॉवेल चोळू नका, दाबून पाणी टिपा, दोन-तीन टॉवेल लागतील. ओला पट्टा परत गळ्यात घालू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आतला थर दमट राहिला की मानेखाली, कानामागे एका रात्रीत लाल, चिकट चट्टा उठतो आणि कुत्रा तो चाटून चाटून वाढवतो. हेअर ड्रायर लावायचा तर थंड हवेवर, आणि त्याचीही ओळख आधी तशीच करून द्या. आंघोळीनंतर तो वेड्यासारखा घरभर धावेल, तेवढा वेळ हॉलमध्ये सतरंजी अंथरून ठेवा, नाहीतर फरशीवर पुन्हा घसरेल आणि महिन्याभराची मेहनत पाण्यात जाईल.

गोळीबद्दल स्पष्ट सांगते. माणसांची झोपेची गोळी द्यायची नाही, अर्धीही नाही. एसप्रोमाझिनसारख्या काही औषधांनी अंग जड पडतं पण भीती तशीच राहू शकते, म्हणजे पुन्हा तो शेफर्डच. शिवाय पेंगुळलेला ३६ किलोचा कुत्रा ओल्या टबात आणखी घसरतो. खरोखर भीती कमी करणारी औषधं आहेत, काही कुत्र्यांना ती या शिकवणीच्या काळात फार उपयोगी पडतात, पण ती पशुवैद्यांनी ब्रूनोला तपासून, मात्रा ठरवून द्यायची. मागायला संकोच करू नका.

शेवटी तुम्ही नक्की विचाराल ते आत्ताच सांगते: अंगावर फेस असताना तो टबातून बाहेर पडला तर? पडू द्या. धरून परत आत ओढू नका. बाहेर मॅटवर येऊ द्या, खाऊ द्या, दोन मिनिटं थांबा. मग बादलीत कोमट पाणी घ्या, मोठे नॅपकिन भिजवून तिथेच, दारात, फेस पुसून काढा. आठ-दहा नॅपकिन लागतील, फरशी ओली होईल, तासभर जाईल. शाम्पू पातळ केलेला असेल तर एवढ्यात निघतो. आणि पुढच्या वेळी शाम्पू न लावता नुसत्या पाण्याची आंघोळ घाला, तीही निम्म्या अंगाची.